टाळी ओळखणारा दिवा

चर्र झालं.

दुपारचे अडीच वाजले होते. गल्लीतली कोंबडीसुद्धा पाय पोटाशी घेऊन गप्प होती. तापलेलं सोल्डरिंग आयर्न ओल्या फडक्यावर टेकवलं की एवढा आवाज होणारच. रोज दुपारी शेजारी कपडे धोपटले जातात, आर्वीची एसटी मारुतीच्या पाराजवळ जिवाच्या आकांतानं हॉर्न देते, तेव्हा चिमी कूससुद्धा बदलत नाही. या एका चर्रनं ती उठून बसली.

"आई, काय करून राह्यली तू?"

"काही नाई, झोप" हे उत्तर जयवंताच्या ओठावर होतं. घराघरांतून हजारो वेळा दिलं गेलेलं आणि एकदाही न पटलेलं उत्तर. पण तिच्या एका हातात तापलेलं हत्यार होतं, दुसऱ्या हातात कथलाची तार होती आणि मनात चोरी होती. गेले आठ दिवस ती चिमीला घाईघाईनं थोपटत होती. गाण्याची दोन कडवी गाळत होती. मूल लवकर झोपलं तर तास मिळतो, उशिरा झोपलं तर पाऊण. आणि पाऊण तासात कथलाचे सहा डाग देऊन होत नाहीत.

"तुह्यासाठी दिवा बनवून राह्यली."

"दिवा तं हाये आपल्याकडे."

"हा गाणं म्हणन. चार रंगाचे लाइट लागतीन."

"कवा?"

"टाळी वाजवली का."

"कोणाची टाळी?"

इथे जयवंता चुकली. 'कोणाचीही' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर पाच वर्षांचं पोर, डोळ्यांत झोप, गालावर चटईच्या काड्यांचे वळ. ती म्हणाली, "तुही. फक्त तुही. हा तुही टाळी ओळखन."

कॉलेजात दोन वर्षं फिजिक्स शिकलेल्या बाईनं हे विधान करायला नको होतं. लग्नामुळे तिसरं वर्ष राहून गेलं होतं. टाळी ओळखायचा धडा त्या तिसऱ्या वर्षात असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पुढचा डाग दिला.

संध्याकाळपर्यंत चिमीनं ही बातमी अकरा घरी पोचवली. बाराव्या घरी पंचफुला राहत होती. पंचफुला दहा वर्षांची. गल्लीतल्या पोरींची पुढारी. तिनं चिमीला पायरीवर उभं करून विचारलं, "तुहीच टाळी? माह्या टाळीनं नाई लागनार?"

"नाई."

"थापाडी."

चिमी रडली नाही. घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, भुलाबाईले आपल्या घरी सगळ्या पोरी येतीन ना, तवा त्या टाळी वाजवून पाहणार हायेत. नाई लागला दिवा तर मले भुलाबाईत घेणार नाईत. पुढच्या वर्षीबी नाई."

आता भुलाबाई म्हणजे काय, हे वर्धेच्या अलीकडच्या वाचकाला सांगायला नको. पलीकडच्यांसाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात मातीच्या भुलाबाई-भुलोजींना बसवतात. पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. एवढा सोपा कार्यक्रम. यात मोठ्यांना काही काम नसतं. पण ज्या पोरीला भुलाबाईत घेत नाहीत तिनं तो महिना खिडकीत बसून काढायचा असतो, आणि ते जयवंतानं लहानपणी एक वर्ष केलं होतं. कारण सांगत नाही. तिचीही एक थापच होती.

कार्यक्रमाला बारा दिवस होते. दिव्याचं अंग तयार होत होतं, गळा अजून यायचा होता.

गळा म्हणजे चिप. जयवंताचा भाऊ बाबाराव पुण्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होता. त्यानं पत्रात लिहिलं होतं की ही विलायती चिप म्हणजे एक इवलासा संगणकच आहे, अठ्ठावीस पायांची, पोटात चोवीस धुना. बटन दाबलं की एक धून वाजते, पुन्हा दाबलं की पुढची, दाबून धरलं तर तीच ती पुन्हा पुन्हा. पार्सल रवाना केलं होतं. ते आमच्या पोस्टात येऊन पडलंही होतं. फक्त पडून राहिलं नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. आर्वी-रोहणा रस्त्यावर आहे एवढं पुरे. पोस्टमास्तर वासुदेवराव अजून हयात आहेत आणि त्यांना पत्रं लिहिण्याची सवय आहे. झालं असं, की बाबारावनं भावाच्या मायेनं चिप एका पट्टीवर बसवून, सेल जोडून पाठवली होती, आणि ती वाजू नये म्हणून मधे पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला होता. पोस्टातला ठप्पा पार्सलावर बसला, पुठ्ठा निसटला आणि पार्सल गाऊ लागलं. वासुदेवराव मिलिटरीच्या सिग्नल तुकडीत एकवीस वर्षं काढून आलेले. त्यांनी पार्सल अंगणातल्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं, त्याच्याभोवती चुन्यानं गोल आखला आणि जयवंताला निरोप धाडला.

"हे वाजते," ते म्हणाले.

"वाजण्यासाठीच मागवलं, मास्तर."

"मंग लायसन?" त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं.

"रेडिओ नाई हा."

"जयवंताबाई, माह्या रजिस्टरात दोनच रकाने हायेत. वाजते आणि वाजत नाई. तुमचं वाजते." त्यांनी एक जुनं परिपत्रक काढलं. "दोन बँडपर्यंतच्या रेडिओले माफी हाये. याले किती बँड?"

"एकही नाई."

वासुदेवरावांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"म्हणजे दोनपेक्षा कमी झाले ना, मास्तर?"

"कमी झाले हे मले मान्य हाये. पण 'दोन बँडपर्यंत' म्हणजे एक आणि दोन. शून्याचं परिपत्रकात काही लिहिलं नाई. उद्या वर्धेहून विचारलं, का वासुदेवराव, तुम्ही शून्य बँडचं यंत्र कोणत्या अधिकारात सोडलं, तर मी काय सांगू?"

मग त्यांनी तीन प्रतींत अर्ज भरायला दिला. यंत्राचे नाव, बँडची संख्या, यंत्र बसवण्याची जागा, लायसनदाराचे नाव. बँडच्या रकान्यात तिनं शून्य काढलं ते त्यांनी खोडलं; रकाना रिकामा सोडता येत नाही आणि शून्य म्हणजे रिकामाच. शेवटी पार्सल तात्पुरत्या ताब्यात मिळालं. अर्ज मात्र, 'जागेवर पाहणी होईपर्यंत', अर्धवट राहिला. "मी येतो एका संध्याकाळी," ते म्हणाले. तारीख सांगितली नाही. पाहणी ही अचानकच करायची असते, असं त्यांचं मिलिटरीतलं मत होतं.

गळा आला. आता कान पाहिजे होता.

कानाचं काम कवडूकडे. कवडू बसस्टँडजवळ रेडिओ, सायकल आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. तिन्हींना तो एकच पाना वापरायचा. त्यानं एका भंगार लाउडस्पीकरच्या सेटमधून माईक काढून दिला. "वहिनी, हा मीटिंगचा माईक हाये. याच्यासमोर लय टाळ्या वाजल्या. याले टाळी शिकवा लागत नाई."

हे अगदी खरं निघालं. माईकला टाळी शिकवावी लागली नाही. बाकी सगळं विसरायला लावणं जमलं नाही. डालड्याच्या डब्याला खिळ्यानं नक्षीची भोकं पाडून, आतून पतंगाचे लाल-हिरवे-निळे-पिवळे कागद लावून दिवा तयार झाला, आणि त्या दिवसापासून तो कशालाही दाद देऊ लागला. यशोदाबाईंनी शेजारी सतरंजी धोपटली: दिवा लागला, धून पहिली. चिमीचे वडील बबनराव शिंकले: धून दुसरी. ते जिनिंगमध्ये कारकून. कापसाच्या तंतूंमुळे त्यांना शिंका सलग सात येतात. सातवीला दिवा आठव्या धुनेवर होता आणि बबनराव रुमाल नाकाला लावून म्हणत होते, "आयकलं का, याले सांग, मी टाळी नाई वाजवली." माणूस स्वभावानं इतका सज्जन, की पुढे चार दिवस शिंक आली की अंगणात जाऊन शिंकून यायचा.

शेजारच्या यशोदाबाई दिवा पाहायला आल्या. त्यांचे गुडघे सुजलेले असत, म्हणून त्या कुठेही आल्या की बसूनच बोलत, आणि बसल्या की उठत नसत. "दिवा का चाळणी हाये वो ही? एवढी भोकं पाडली तं उजेड सांडून जाईन सगळा. अन् गाणंच पायजे तं पोरीले तूच म्हणून दाखव ना. तुह्या गळ्याले काय झालं?"

या प्रश्नानं जयवंता जरा दुखावली. तिनं एक बारीक स्क्रू फिरवून माईकचं ऐकणं कमी केलं. सगळं ऐकू येणं आणि काहीच ऐकू न येणं, यांच्यामध्ये त्या स्क्रूला दुसरी जागा नव्हती. चिमीनं टाळी वाजवली. दिवा ढिम्म. तिनं जवळ येऊन वाजवली. भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "मी हाये." तरी ढिम्म.

त्या रात्री चिमी जेवली कमी आणि बोलली त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी जयवंता कवडूकडे गेली आणि म्हणाली, "कवडूभाऊ, एक बेलचं बटन द्या. आणि चार हात वायर."

कवडूनं दोन्ही काढून समोर ठेवलं. खऱ्या कारागिराला बनवाबनवी लगेच कळते.

योजना अशी. दिवा बाहेरच्या खोलीत भुलाबाईच्या मखराजवळ. माईक कापून टाकलेला, फक्त शोभेला. वायर चटईखालून स्वयंपाकघरात, दाराच्या मागे, आणि टोकाला लाकडाच्या तुकड्यावर ठोकलेलं बटन. जयवंता स्टोव्हसमोर बसून खिरापतीचा शिरा भाजणार, दाराच्या फटीतून चिमीवर नजर ठेवणार, तिनं टाळी वाजवली की टाचेनं बटन दाबणार. चिमीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिचा दिव्यावर विश्वास होता, आणि जो विश्वास आठवडाभर टिकला तो एक संध्याकाळ टिकायला हरकत नव्हती.

त्या संध्याकाळी नऊ पोरी आल्या. त्यांच्या मागून यशोदाबाई आल्या, आणि जी एकच जागा मोकळी होती तिथे बसल्या: स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकून. दार त्यांच्या वजनानं लागलं. फट मिटली.

आत जयवंता हातात उलथणं घेऊन बसली होती. तिला आता लाकडी दार दिसत होतं. बाहेर गाणी झाली, टिपऱ्या झाल्या, आणि पंचफुलाचा आवाज आला, "आता दिवा. एकेकीनं वाजवा. चिमी, तूबी वाजव, पण बोलू नको."

एक टाळी वाजली. जयवंतानं रवा हलवला. दुसरी वाजली. तिनं तूप सोडलं. तिसरी, चौथी. पाचवी वाजली आणि तिची टाच खाली गेली.

बाहेर एकदम "अव्वो!" झालं. लाल-हिरवं-निळं-पिवळं भिंतभर सांडलं असणार. धून पहिली.

"चिमीच व्हती!" एक पोरगी ओरडली.

"एकदा तं कोणाचीबी लागते," पंचफुला म्हणाली. ही मुलगी पुढे मास्तरीण झाली, यात नवल नाही. "सगळ्या जागा बदला. कोणीबी वाजवा."

टाळ्या वाजल्या. मोठ्या, बारीक, बांगड्यांच्या, घामेजलेल्या हातांच्या. जयवंता रवा भाजत होती, दूध बाजूला काढत होती, आणि मधेच टाच खाली जात होती. धून दुसरी. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी बाहेरून "चिमी!" असा गलका. सहाव्या धुनेला पंचफुलानं हार मानली. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "थापाडी नाई हाये ते. दिवा ओळखते तिले." गल्लीत याहून वरचं कोर्ट नव्हतं.

जयवंतानं डोळ्यांना पदर लावला. धुराचा स्टोव्ह होता.

आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "पोस्ट! पाहणी!"

वासुदेवराव आत आले. काखेत रजिस्टर, टोपी डोक्यावर. "यंत्र कोणतं? चालवून दाखवा."

चिमीनं ऐटीत टाळी वाजवली. दाराआड टाच खाली गेली. धून सातवी.

ही धून बाकीच्यांसारखी उडती नव्हती. संथ होती, भारदस्त होती. वासुदेवरावांची मान ताठ झाली. त्यांनी रजिस्टर खाली ठेवलं. "हे राष्ट्रगीत हाये," ते म्हणाले. "कोणत्या तरी देशाचं. मी परदेशी पाहुण्यांच्या परेडीत आयकलं हाये. सावधान!"

तो 'सावधान' एकवीस वर्षांच्या नोकरीतला होता. नऊ पोरी ताठ झाल्या. यशोदाबाई, ज्या बसल्या की उठत नसत, दाराला धरून उभ्या राहिल्या. आणि स्वयंपाकघरात जयवंता, जिनं कॉलेजात एक वर्ष एन.सी.सी. केलं होतं, हातातलं उलथणं टाकून ताडकन उभी राहिली.

दोन्ही टाचा जुळवून. उजवी टाच बटनावर.

धून संपली आणि पुन्हा सुरू झाली. बटन दाबलेलं होतं ना. जयवंताला ते कळलं. पण राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नसतं, आणि न हलल्यास राष्ट्रगीत थांबायचं नव्हतं. फिजिक्समध्ये अशा अवस्थेला काहीतरी नाव आहे. तेही तिसऱ्या वर्षाला असावं.

तिसऱ्या फेरीला बाहेरून यशोदाबाईंचा दबका आवाज आला, "लय लांब देश दिसते वो हा."

"बोलायचं नाई," वासुदेवराव ओठ न हलवता म्हणाले.

चौथ्या फेरीला शिऱ्यानं तळ धरला. जयवंता समोरच्या डब्यांच्या फळीकडे बघत ताठ उभी होती. कढईतून आधी खमंग, मग फार खमंग, आणि मग ज्याला खमंग म्हणता येत नाही असा वास येऊ लागला. पाचव्या फेरीला बाहेर पंचफुलानं नाक फेंदारलं आणि सावधान स्थितीतच कुजबुजली, "खिरापत ओळखली. शिरा. करपला."

सहाव्या फेरीला चिमीला शू लागली.

पाच वर्षांच्या मुलाला कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत लागू नसतं. ती यशोदाबाईंच्या लुगड्याशेजारून दार ओढून आत आली, परसात जायला निघाली, आणि थांबली. कढईतून धूर निघत होता. आई फळीकडे तोंड करून सैनिकासारखी उभी होती. आईच्या टाचेखाली बटन होतं. बटनातून वायर निघून चटईखाली गेली होती.

चिमीनं वायर पाहिली. टाच पाहिली. मग आईचं तोंड पाहिलं. जयवंताला बोलता येत नव्हतं.

बाहेर नऊ पोरी होत्या. नुसती एक हाक मारायची होती.

चिमी खाली बसली. तिनं दोन्ही हातांनी, जड पाटा उचलावा तसा, आईचा पाय उचलला आणि बाजूला ठेवला. राष्ट्रगीत थांबलं.

"विश्राम!" बाहेरून सुटकेचा आवाज आला.

"कसा काय थांबला गं तो?" पंचफुलानं विचारलं.

चिमी दारात गेली. "मी सांगतलं त्याले," ती म्हणाली. "बस झालं म्हणून." आणि मग पळत परसात गेली, कारण तिचं मूळ काम राहिलं होतं.

करपलेला शिरा पोरींनी खाल्ला. वरचा वर काढला तर तसा बरा होता. वासुदेवरावांनी दोनदा घेतला आणि रजिस्टरात लिहिलं की यंत्र वाजते, शिस्तीत वाजते, परंतु बँडबाबत निर्णय राखून ठेवण्यात येत आहे. अर्ज जयवंताच्या हातात दिला. "लायसनदाराच्या नावाचा रकानाबी रिकामा हाये. भरून आणजा." यशोदाबाई जाताना म्हणाल्या की त्या देशात म्हाताऱ्या माणसांचे फार हाल असतील.

सगळे गेले. बबनराव अंगणात एकदा शिंकून आले आणि पेपर घेऊन बसले. जयवंता मोरीशी कढई खरवडत होती. चिमी शेजारी उकिडवी बसून तिला राख देत होती.

"चिमे," जयवंता कढईकडे बघत म्हणाली, "रागावली का?"

"नाई." थोडी राख. "आई, दार तं लागलं व्हतं."

"हो."

"यशोदाआजी पाठ लावून बसली व्हती. तुले काही दिसत नव्हतं."

"नव्हतं."

"मंग माहीच टाळी हाये हे तुले कसं समजलं?"

जयवंताचा हात थांबला. खरंच की. सात वेळा टाच खाली गेली होती, आणि एकदाही तिनं विचार केला नव्हता. रव्याचा केला होता, दुधाचा केला होता. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. कंपनसंख्या, माईक, तळव्यांचा आकार, असं काहीबाही मनात येऊन गेलं. ती पुन्हा कढई घासू लागली.

चिमीनं फळीवरचा अर्ज ओल्या हातानं खाली घेतला, उलटा धरला, बराच वेळ वाचल्यासारखं केलं, आणि सगळा हिशेब लागल्यासारखी मान हलवली.

"म्हणजे टाळी ओळखणारा दिवा तो डबा नाई. तूच हायेस," ती म्हणाली. "मंग आई, पोस्टातल्या आजोबाले लायसन कोणाचं पायजे? डब्याचं, का तुह्यं?"